अनुमोदक, बंगला नंबर तेवीस

अनीशने हात वर केला तो चहासाठी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे काही रामायण घडलं त्याच्या मुळाशी एक रिकामं पोट आणि शेडच्या मागच्या दारातून आत येणारा चहाचा ट्रे, एवढंच होतं.

म्हसळ्याहून श्रीवर्धनच्या रस्त्याला लागलं की एक डोंगर लागतो आणि त्या डोंगरावर 'निळाई हिल्स' नावाची सेहेचाळीस बंगल्यांची वसाहत आहे. मालक बहुतेक मुंबई-पनवेलचे, शनिवारी येणार आणि रविवारी जाणार. वसाहत आली म्हणजे बंगला मालक संघ आला, संघ आला म्हणजे नोटीसबोर्ड आला, आणि एप्रिलच्या शेवटच्या रविवारी भर दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये सर्वसाधारण सभाही आली. अनीश असल्या सभेला आयुष्यात पहिल्यांदाच आला होता. बंगला नंबर तेवीस त्याच्या आईने, अनुसूयाबाईंनी, हौसेने घेतला होता. मग डोंगर आणि गुडघे यांचं जमेना, तेव्हा तो मुलाच्या नावावर करून त्या मोकळ्या झाल्या. मुलगा न्हावा शेव्याच्या बंदरात कामाला. हजारो कंटेनर यार्डात कुठे आणि कसे रचायचे, हे ठरवायचं त्याचं काम. दहा दिवसांची सलग पाळी संपवून तो थेट सभेत येऊन बसला होता आणि बसल्या बसल्या चक्क पेंगत होता.

जाग आली ती एका आवाजाने.

"रातांब्याची एकतीस झाडं तोडायची. का? तर फळं गाड्यांवर पडतात, डाग पडतात, आणि एका सदस्याने तशी लेखी तक्रार केली आहे. बरोबर?"

तिसऱ्या रांगेत एक मुलगी उभी होती. वेणी खांद्यावरून पुढे आलेली, हातात कागद. आवाज ठाम.

"मग माझी उपसूचना अशी, की एक महिना द्या. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी एकाही सदस्याची तक्रार शिल्लक नसेल, तर झाडं राहतील. कायमची."

टेबलामागे अध्यक्ष सुचिता मॅडम बसल्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि नियमावली हाताशी. "सूचक, इरा, बंगला नंबर एक," त्यांनी लिहून घेतलं. "अनुमोदक कोण?"

कुणी घड्याळ बघितलं, कुणी पत्र्याकडे बघितलं. अनुमोदक नसेल तर सूचना तिथेच बारगळते, हे सगळ्यांना माहीत होतं. इरा सगळीकडे नजर फिरवत होती आणि सगळे नजर चुकवत होते.

आणि नेमका तेव्हाच मागच्या दारातून चहा आला. अनीशने हात वर केला.

"मिळालं!" इरा जवळजवळ ओरडलीच. "मॅडम, अनुमोदन मिळालं!"

सेहेचाळीस बंगल्यांनी वळून बघितलं. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं, जरा जास्तच वेळ. "बंगला नंबर?"

"ते... तेवीस. पण मी..."

"तेवीस," मॅडम हळूच म्हणाल्या. "असं का. ठीक आहे. पण एक अट. या महिन्याची सगळी जबाबदारी सूचकाची आणि अनुमोदकाची, दोघांची. मान्य असेल त्यांनी हात वर करा."

सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते, त्यामुळे हात भराभर वर झाले. चहाचा ट्रे फिरत फिरत अनीशपर्यंत आला तेव्हा त्यात एकही कप उरला नव्हता.

सभा संपल्यावर ती त्याला शोधत आली. जवळून बघितल्यावर तिच्या डाव्या गालावर एक तीळ दिसला, आणि आपण हात चहासाठी वर केला होता हे सांगायचं अनीश विसरला. विसरला म्हणा, किंवा... असो.

"थँक्यू," ती म्हणाली. "अख्ख्या सभेत तुम्ही एकटेच."

"त्यात काय एवढं," तो म्हणाला. माणूस किती सहज खोटं बोलतो!

"चला, झाडं दाखवते. ज्याला वाचवायचं त्याचं तोंड तरी बघून घ्या."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ती झाडं उभी होती. उंच, निमुळती, फांद्या खाली झुकलेल्या, आणि पानांआड लालसर फळं; त्यांच्या साली वाळवल्या की सोलं, म्हणजे आमसुलं, होतात. हा सगळा डोंगर म्हणजे पूर्वी इराच्या वडिलांची बाग. आईच्या आजारपणात ती विकावी लागली. तेव्हा महादेवअप्पांनी दोनच गोष्टी मागून घेतल्या होत्या, एक छोटा बंगला आणि ही झाडं राहतील असा शब्द. बंगला कागदावर होता म्हणून मिळाला. शब्द नुसता तोंडी होता. अप्पा आता त्या बंगल्याच्या ओट्यावर बसून रोज झाडांकडे बघायचे आणि सभेबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. इरा म्हसळ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, आणि बापाच्या वाटचं भांडणही तीच भांडायची.

"रातांब्याचं झाड नर की मादी, ते सात-आठ वर्षं कळतच नाही," ती सांगत होती. "अप्पांनी साठ लावली होती. आठ वर्षं पाणी घातलं, तेव्हा कुठे कळलं की निम्मी नुसतीच वाढतायत. फळं धरली ती या एकतीसांनी."

"आठ वर्षं वाट बघायची? कळायलाच?"

"काही माणसांचंही तसंच असतं," तिने तिरक्या नजरेने त्याच्याकडे बघितलं. "पण तुमचं पाच मिनिटांत कळलं. आता एकदा तो तक्रारवाला सापडू दे मला. मॅडम नाव सांगत नाहीत, नियमात बसत नाही म्हणे. नोटिशीत त्याचा शब्द तेवढा छापलाय... निरुपयोगी झाडं! सापडला ना, तर रातांब्याच्या रसात बुचकळून काढणार आहे त्याला."

अनीशने घाईघाईने नजर दुसरीकडे वळवली.

कारण 'निरुपयोगी' हा शब्द त्याच्या ओळखीचा होता. गेल्या मे महिन्यात नवी कोरी पांढरी गाडी घेऊन तो पहिल्यांदा इथे आला होता. तीन दिवस गाडी झाडाखाली उभी केली आणि चौथ्या दिवशी बघतो तर टपावर लालभडक ठिपके. त्याने रागारागाने तीन पानी पत्र लिहिलं, फोटो जोडले, शेवटी 'अशा निरुपयोगी झाडांचा तातडीने बंदोबस्त करावा' असं ठोकून दिलं आणि दुसऱ्या दिवशी विसरूनही गेला. पत्र मात्र त्याला विसरलं नव्हतं.

सांगायला हवं होतं. तो सांगणारही होता. पण ती हसली, आणि त्याने मनाशी म्हटलं, पुढच्या शनिवारी सांगू.

पुढच्या शनिवारी तो एक तक्ता घेऊन आला. झाडांना नंबर, बाजूला तारखा. "यार्डात जो डबा आधी निघायचा तो वर ठेवतात, उशिरा निघणारा खाली," त्याने समजावलं. "तसंच इथे. उन्हाच्या बाजूची झाडं आधी पिकणार, ती आधी उतरवायची. फळ पडायच्या आत काढलं की डागाचा प्रश्नच येत नाही."

इराने तक्ता बघितला. मग फांदी वाकवून एक फळ त्याच्या तळहातावर ठेवलं. "तुमचा कागद छान आहे, पण त्याला बोटं नाहीत. दाबा. हलकेच. कडक लागलं तर उद्या. जरा दबलं तर आज."

त्याने दाबलं. फळ दबलं, फुटलं, आणि त्याची पाचही बोटं लाल झाली.

"हे काल," इरा म्हणाली आणि खळखळून हसली.

मदतीला खालच्या वाडीतून सगुणाबाई यायच्या. साठी उलटलेल्या, पण झाडावर खारीसारख्या चढायच्या. अनीशचा पहिला प्रयत्न बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "काय वो दादा, बंदरात शिडीनंच चढताव व्हय? पाय फांदीच्या बुडाशी टाका, शेंड्याशी न्हाय. पडलाव तर तुमालाच सोलं करून वालत घालाया लागंल."

"पडू देऊ नका त्यांना," इरा खालून म्हणाली. "एकच अनुमोदक आहे माझ्याकडे."

'माझ्याकडे' हा शब्द अनीशने परत जाताना माणगावपर्यंत मनात घोळवला.

पण एकतीस झाडं, आणि हात तिघांचे. वाऱ्याने पडणारी फळं कशी अडवायची? युक्ती सगुणाबाईंनी सांगितली. जुन्या साड्या झाडाखाली झोळीसारख्या बांधायच्या, फळ जमिनीला लागतच नाही. इरा आणि अनीश दारोदार साड्या मागत फिरले. पहिलं दार अकरा नंबरच्या अमिरुन्निसा चाचींचं. चाचींचा मुलगा दुबईला, त्या इथे एकट्या. त्यांनी पेटीच उघडली.

"घेवा, सगल्या घेवा. आमच्या तबरेजला दुबईत सगलं मिलतं, फकत घरचं सोल मिलत नाय. झाडं तोडतील तर मी पोराला काय पाठवू?" मग दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाल्या, "आनि तुमचं कवा?"

"आमचं... काय?" अनीशने विचारलं.

"साड्यांचं हो," चाची साळसूदपणे म्हणाल्या. "बांधायचं कवा?"

बघता बघता दोन्ही रस्त्यांवर साड्या झुलायला लागल्या. हिरव्या, जांभळ्या, काठापदराच्या. शनिवार-रविवारची मंडळी फोटो काढायला थांबू लागली, मग फळं उतरवायला, मग साली वाळवायला. शेडमध्ये रातांबे कापले जायचे. रसात मीठ घालून साली बुडवायच्या, वाळवायच्या, वाळल्या की पुन्हा त्याच रसात बुडवायच्या. अशी सात पुटं द्यायची, म्हणजे सोलं काळीभोर होतात.

"सात कशाला? तीनमध्ये भागत नाही?" एका दुपारी अनीशने विचारलं. मनगटापर्यंत दोघांचे हात लाल.

"तीन पुटांचं सोल सहा महिन्यांत पांढरं पडतं. सात पुटांचं मुरतं. टिकतं," ती म्हणाली आणि मान खाली घालून हळूच पुढे म्हणाली, "तू घाईत आहेस का?"

तू! ती पहिल्यांदाच 'तू' म्हणाली होती. अनीशच्या हातातली साल परातीत पडली.

"नाही," तो म्हणाला. "मला... अजिबात घाई नाही. इरा, मला तुला एक सांगायचंय."

"सांग ना..."

तिने वर बघितलं. कपाळावर रसाचा एक थेंब होता, आणि डोळ्यांत इतका विश्वास होता की अनीशने नजर परातीकडे वळवली. "मीठ... मीठ कमी पडलंय," तो म्हणाला. अशा वेळी माणसाला स्वतःचीच लाज वाटते. त्यालाही वाटली. आपण या मुलीवर आकंठ प्रेम करतो आहोत आणि तिच्याशी रोज खोटं वागतो आहोत, या दोन गोष्टी एकाच छातीत मावत नव्हत्या.

मे महिन्याचा शेवटचा रविवार उजाडला. तीस झाडं उतरवून झाली होती. एकोणीस नंबरचं तेवढं मागे राहिलं होतं, कारण ते सावलीतलं. आणि पहाटे अचानक वारा सुटला. एकोणीस नंबरची झोळी एका बाजूने सुटली, आणि फळं धडाधड खाली... नेमकी खाली उभ्या असलेल्या गाडीवर. गाडी पांढरी होती. आणि तेवीस नंबरची होती.

सभा भरेपर्यंत टपावरच्या लाल ठिपक्यांचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर पोचले होते. शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. इरा पहिल्या रांगेत ताठ बसली होती, ओठ घट्ट मिटून. आणि आज पहिल्यांदाच महादेवअप्पा सभेला आले होते. शेवटच्या खुर्चीवर, काठी दोन्ही हातांनी धरून.

सुचिता मॅडमनी फाइल उघडली. "आजच्या डागाबद्दल अजून कुणाची तक्रार आलेली नाही. पण गेल्या वर्षीची एक लेखी तक्रार अजून शिल्लक आहे. ती शिल्लक असेपर्यंत अट पूर्ण होत नाही." त्यांनी नियमावली पुढे ओढली. "नियम असा, की तक्रारदाराने स्वतः सभेत उभं राहून तक्रार मागे घेतली, तरच ती निकालात निघते. नाव मी सांगणार नाही. तक्रारदार सभेत हजर असेल तर त्याने ठरवावं."

इरा पुन्हा सगळीकडे नजर फिरवत होती. तिची नजर अनीशवर येऊन थांबली आणि क्षणभर निवांत झाली, थकलेल्या माणसाने भिंतीला टेकावं तशी.

गप्प बसलो तर ही नजर माझी राहील आणि झाडं जातील, त्याच्या मनात आलं. बोललो तर झाडं राहतील...

तो उठला.

"बंगला नंबर तेवीस," तो म्हणाला. आवाज फाटला, पण थांबला नाही. "ती तक्रार माझी आहे. तीन पानांची. 'निरुपयोगी' हा शब्दही माझाच. तेव्हा मला झाडाचं नावसुद्धा माहीत नव्हतं. गाडी तेव्हाही माझी होती, आजही माझीच डागाळली आहे, आणि माझी काही तक्रार नाही. जुनी मागे घेतो. नवी करणार नाही." त्याने खिशातून रुमाल काढला, घाम पुसला. "आणि आणखी एक. त्या दिवशी मी हात वर केला होता तो... चहासाठी. अनुमोदनासाठी नव्हता."

कुणीतरी फिस्सकन हसलं. इरा हसली नाही. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"म्हणून आज पुन्हा करतो," अनीश म्हणाला. "आज चहा नकोय मला. ही एकतीस झाडं राहावीत या सूचनेला माझं अनुमोदन आहे." आणि त्याने हात वर केला. महिनाभराच्या रसाने तळवा लालसर-काळा पडला होता, किती धुतला तरी न निघणारा.

"तक्रार निकालात," मॅडम म्हणाल्या आणि फाइल बंद केली. "सभेची मान्यता?"

पहिला हात अमिरुन्निसा चाचींचा. मग डाव्या बाजूचा एक, मग दोन, मग रांगच्या रांग. बघावं तर ज्याच्या-त्याच्या बोटांवर तोच लाल रंग! कालपर्यंत गाडी धुताना कुरकुरणारे हातसुद्धा वर होते. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस. दारात उभ्या असलेल्या सगुणाबाईंना मत नव्हतं, तरी त्यांनी दोन्ही हात वर केले. टाळ्यांनी पत्रा दणाणून गेला. शेवटच्या खुर्चीवर अप्पा काठीवर हनुवटी टेकून रडत होते आणि ते लपवायचा प्रयत्नही करत नव्हते. इरा धावत गेली आणि तिने त्यांना मिठी मारली.

अनीश मागच्या दाराने बाहेर पडला. झाडं वाचली होती. तेवढं पुरे, त्याने स्वतःला समजावलं, आणि ते त्याला अजिबात पटलं नाही. एकोणीस नंबरच्या झाडाखाली जाऊन तो गाडीकडे नुसता बघत उभा राहिला.

"तीन पानं?" मागून आवाज आला.

तो वळला. इरा होती, डोळे अजून ओले. "हो," तो म्हणाला.

"फोटोंसकट?"

"चार फोटो."

"महिनाभर माझ्याशेजारी बसून साली बुडवल्यास आणि सांगितलं नाहीस?"

"दर शनिवारी सांगणार होतो. तू हसायचीस, आणि मग... मला ते हसू जायला नको होतं, इरा. प्रेमात पडलेला माणूस भित्रा होतो. चुकलं माझं."

तिने खाली वाकून एक पिकलेला रातांबा उचलला, मुठीत दाबला, आणि रसाने भरलेला तळवा सरळ त्याच्या पांढऱ्या शर्टावर, बरोबर छातीवर टेकवला. पाच बोटं उमटली.

"तक्रारवाल्याला रसात बुचकळीन म्हणाले होते," ती म्हणाली. "बोलल्या शब्दाला जागते मी." हात मात्र तिने काढून घेतला नाही. "तक्रारीचं माहीत नव्हतं, त्याचा राग आहे. आठवडाभर तरी राहील. चहाचं मात्र पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"काय?"

"ट्रे आला तो मला समोरच दिसत होता, वेड्या. तुझा हात वर जाताना बघितला आणि मी ओरडले. दुसरा हात कुठे मिळणार होता मला?"

"मग महिनाभर मला..."

"महिनाभर बघत होते, नुसतं वाढतंय की फळ धरतंय." तिचा आवाज बारीक झाला. "आज सगळ्यांसमोर उभा राहिलास तेव्हा कळलं. आठ वर्षं नाही लागली." तिने एक श्वास घेतला. "एक सूचना मांडायची आहे. सूचक, इरा, बंगला नंबर एक. सूचना अशी, की बंगला तेवीसने यापुढे नुसतं शनिवारी-रविवारी यायचं बंद करावं आणि... जन्मभराचं काय ते बघावं. अनुमोदक हवाय."

अनीशने दोन्ही हात वर केले.

"कार्यवृत्तात लिहून घेऊ का?" शेडच्या दारातून खणखणीत आवाज आला. सुचिता मॅडम उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे चाची, सगुणाबाई, अप्पा, झाडून सगळी सभा.

"मॅडम, तुम्हाला सगळं पहिल्यापासून माहीत होतं," अनीश म्हणाला. "म्हणूनच ती जबाबदारीची अट घातलीत?"

"पस्तीस वर्षं शाळा चालवली मी," मॅडमनी चष्मा वर सरकवला. "ज्याने फळा घाण केला, पुसायलाही त्यालाच लावायचं. एकदा हाताने पुसला की फळा त्याचा होतो."

अप्पा पुढे आले. त्यांनी अनीशच्या शर्टावरच्या पाच बोटांकडे बघितलं, मग लेकीच्या लाल तळव्याकडे. "हा डाग जात नाही हो," ते म्हणाले.

"माझी काही तक्रार नाही, अप्पा," अनीश म्हणाला.

त्याचे हात अजून वरच होते. इराने ते धरून खाली घेतले आणि एक आपल्या हातात ठेवून घेतला. मागच्या दारातून चहा बाहेर येत होता. तिने ट्रेवरचा पहिला कप उचलला आणि अनीशच्या हातात दिला.

"घे," ती म्हणाली. "महिन्याभराचा राहिलाय तुझा."